मार्चपर्यंत शहाणं राहायचं होतं

ज्यांच्या घरात डॉक्टरांनी नुकताच 'विसरभोळेपणा'पेक्षा मोठा शब्द उच्चारलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सकाळी नऊ ते अकरा माझं डोकं बरं चालतं, म्हणून लिखाण तेवढ्याच वेळात. अकरानंतर लिहिलेलं सगळं माझी बायको सुनंदा खोडून टाकते. तिचं म्हणणं, "अकरानंतर तुम्ही फक्त जेवणाबद्दल लिहिता." खरं आहे ते.

मी मरिन इंजिनिअर. मूळचा ठाण्याचा. तीस वर्षं बोटींवर काढली, शेवटची काही चीफ इंजिनिअर म्हणून. कंपनी सिंगापूरची, त्यामुळे बिऱ्हाडही इथेच, ईस्ट कोस्टला. वय सहासष्ट. मेंदूत काय आकसतं, काय सुकतं, कुठली गोळी कशावर, ते मी सांगणार नाही. मला ते कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलंय त्यांनी त्यावर पुष्कळ लिहून ठेवलंय. मी सांगणार आहे ते एका कागदाबद्दल. त्या कागदापायी मला कित्येक महिने शहाणं राहावं लागलं. सुनंदा म्हणते, इतके दिवस सलग तुम्ही पहिल्यांदाच राहिलात.

तीन सह्या

बोटीवर जाणाऱ्यांच्या घरात एक रीत असते. निघायच्या आदल्या दिवशी माणूस केस कापून येतो आणि जेवणाच्या टेबलावर बसून अख्ख्या चेकबुकवर सह्या करून ठेवतो. नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही, नुसती सही. मग तो सहा-आठ महिने समुद्रावर, आणि घरी बायको एकेक चेक फाडून शाळेच्या फीपासून फ्लॅटच्या हप्त्यापर्यंत सगळं निभावते. खातं माझ्या नावावर, कारण पगार माझा. फ्लॅट माझ्या नावावर, कारण कर्ज माझ्या पगारावर. बाकी जे काही असेल नसेल तेही माझ्याच नावावर. सुट्टीवर आलो की 'या वेळी सगळं जॉइंट करून टाकू' असं दोघं म्हणायचो, आणि सुट्टी संपायची. सुनंदाकडे सह्यांचे कोरे चेक आणि एक पॉवर ऑफ अटर्नी, एवढ्या भांडवलावर तिने संसार हाकला.

निवृत्त झालो तरी माझी खोड गेली नाही. दर जानेवारीत मी आपला टेबलाशी बसून चेकबुकभर सह्या करतो आणि तिच्या हातात ठेवतो.

"अहो, आता कुठे निघालात?"

"असू दे गं. सवय."

दोन हजार नऊ साली बँकेतून एकापाठोपाठ तीन चेक परत आले. सही जुळत नाही. मी तडक बँकेत गेलो आणि आवाज चढवला. अर्थात इंजिनरूममध्ये जन्म काढलेला माणूस मी, माझा साधा आवाजही लोकांना चढलेलाच वाटतो. काउंटरवरच्या मुलीने तिन्ही चेक माझ्यासमोर ओळीने ठेवले. तीन चेक, तीन वेगळ्या माणसांनी केल्यासारख्या तीन सह्या. एकीत आडनावच नव्हतं.

"अंकल, यू ओके?" तिने विचारलं.

मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर तो राग नव्हता, भीती होती, पण आयुष्यभर मी भीती वाटली की रागवायचोच, त्यामुळे मला फरक कळला नाही. घरी आल्यावर सुनंदाने ते चेक खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले. म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ." बँकेला दोन शब्द सुनावशील असं वाटलं होतं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "बँकेचं बरोबर आहे."

जहाजाची वेळ की जीएमटी?

ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, हीच गंमत. एसी इतका गार होता की सुनंदाने माझ्यासाठी बॅगेत स्वेटर आणला होता. आम्ही दोघंही एकाच स्वेटरची एकेक बाही घालून बसलो होतो आणि एक नर्स आमच्याकडे बघून हसत होती.

आत एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, आज वार कोणता, तारीख काय, साधारण किती वाजले असतील. मी म्हटलं, "जहाजाची वेळ सांगू की जीएमटी?" त्याने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. सुनंदाने कोपर मारलं. "गप्प बसा, ते मार्क कापतायत!"

मग घड्याळ काढायला लावलं. तीस वर्षं घड्याळांवर, गेजांवर नजर ठेवून पगार खाल्ला, घड्याळ काढायला मला काय लागतंय? काढलं. गोल उत्तम आला. आकडे घातले तर ते सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने उभे राहिले आणि डावी बाजू मोकळीच राहिली. मी त्या कागदाकडे बघतोय, कागद माझ्याकडे.

डॉक्टर चांगला होता. आडपडदा न ठेवता म्हणाला, सुरुवातीचा टप्पा आहे, हळूहळू वाढेल, किती हळू ते सांगता येत नाही. आणि शेवटी म्हणाला, "तुमचे व्यवहाराचे कागदपत्र आत्ताच नीट करून घ्या. तुम्हाला सगळं समजतंय तोवर." मला त्या 'तोवर'चा इतका संताप आला, की बाहेर येऊन मी लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं.

आम्ही घराजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत गेलो. कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, गाळ्यावरच्या म्हाताऱ्याला मी गेली कित्येक वर्षं ओळखतो. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला काय हवंय तेच सुचेना. दूध, साखर, कमी, जास्त, त्यांची ती नावं असतात ना, एकही तोंडात येईना. तो म्हणाला, "सेम-सेम, आह?" आणि कप पुढे केला. नेमकी माझी कॉफी. सुनंदाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं, दवाखान्यात नव्हतं आलं. मी तिला म्हटलं, "बघ, एकजण तरी आहे माझं सगळं लक्षात ठेवणारा." ती म्हणाली, "आणि मी काय मेले?" मग आम्ही दोघं हसलो. लोक विचारतात, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? कॉफी प्यायलो आणि हसलो.

इमर्जन्सी जनरेटर

आमची एकुलती एक मुलगी मुग्धा बिशानला राहते. ती अकाउंटंट. कडेवर असताना इथे आली, शाळा इथलीच, त्यामुळे मी मराठीत बोललो की ती अर्धं मराठी, अर्धं सिंगापुरी उत्तर देते. तिनेच वकील शोधला आणि आम्हा दोघांना घेऊन गेली.

मी वकिलासमोर ऐटीत जुनी पॉवर ऑफ अटर्नी ठेवली. म्हटलं, आमचं सगळं तयारच आहे. हिच्या नावे अधिकारपत्र कधीचंच आहे.

वकील म्हणाला, "तुमचं डोकं शाबूत आहे तोवर हे चालेल. ज्या दिवशी तुम्हाला व्यवहार कळेनासा होईल, त्या दिवशी हे रद्द."

"म्हणजे जेव्हा गरज पडेल नेमकं तेव्हाच?"

"नेमकं तेव्हाच."

आता बोटीवर काय असतं, मुख्य जनरेटर बंद पडला की काही सेकंदांत इमर्जन्सी जनरेटर आपोआप सुरू होतो. आणि हा गृहस्थ मला सांगतोय की तुमचा इमर्जन्सी जनरेटर मुख्य जनरेटर चालू असेपर्यंतच चालेल! असलं यंत्र कोणी मला दिलं असतं तर मी त्याला बोटीवरून खाली उतरवलं असतं. मी हे वकिलाला समजावून सांगितलं, तर तो इतका खूश झाला की म्हणाला, हे उदाहरण मी बाकीच्यांना सांगू का? खुशाल सांग म्हटलं.

मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. डोकं गेल्यावर कागद नसेल तर सुनंदाला कोर्टात जावं लागेल. माझा नवरा आता अजाण झाला, हे सिद्ध करून अधिकार मागावा लागेल. महिनोन् महिने. तोवर माझ्या नावचं सगळं अडकलेलं, माझ्या औषधाचे पैसेसुद्धा. पण एक नवा कायदा मंजूर झालाय. त्यात 'लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी' म्हणून कागद करता येतो, तो डोकं गेल्यावरही टिकतो, खरं म्हणजे तेव्हाच कामाला येतो. फक्त तो कायदा अजून लागू व्हायचाय.

"कधी?"

"मार्चमध्ये."

तेव्हा जुलै चालू होता. बँकेची खाती तेवढी लगेच जॉइंट करून घ्या, असं तो म्हणाला, ती आम्ही केली. पण फ्लॅट आणि बाकीचं सगळं त्या कागदावर अवलंबून. सही करताना मी शहाणा असलो पाहिजे, आणि तसं डॉक्टरने लिहून दिलं पाहिजे. नाहीतर ज्या बाईने माझं घर तीस वर्षं चालवलं ती माझ्या वेडाचे पुरावे घेऊन कोर्टाच्या बाकावर बसणार. माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला आणि मला तिथेच घाम फुटला.

बाहेर पडताना मुग्धा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मार्च ओन्ली. कॅन वन लाह." म्हणजे, सहज जमेल.

बिनफोडणीचं वरण

अधिकार कोणाला द्यायचा, हा प्रश्न माझ्या डोक्यात प्रश्न म्हणून आलाच नव्हता. मुग्धा अकाउंटंट आहे, तरुण आहे, तीच. जेवताना मी तसं बोलून टाकलं. मुग्धानेही मान डोलावली. "आईला ओझं नको. इतके फॉर्म्स, बँकवाले, सगळं इंग्लिशमध्ये. मी करते ना."

सुनंदा म्हणाली, "बरं."

एवढंच. पण पुढचे तीन दिवस आमच्याकडे वरणाला फोडणी नव्हती. भाजीत मीठ बेताचं, चहा कोमट. मी आजारी माणूस, मला वाटलं डॉक्टरने पथ्य सांगितलंय. चौथ्या दिवशी मी विचारलं, "हे किती दिवस चालायचं?" तर म्हणाली, "मला काय विचारता? मुलीला विचारा. ती शिकलेली आहे."

एवढं होऊनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. हे मी आजाराच्या नावावर खपवू शकतो, पण खपवत नाही. आजाराआधीही मी असाच होतो.

शहाणं राहण्याचे महिने

मार्चची वाट मी जशी पाहिली तशी साइन ऑफ होऊन बोटीवरून घरी परतायचीही कधी पाहिली नव्हती. रोज सकाळी समुद्राकाठच्या पार्कात चालणं, तेही एकाच वाटेने. आठवड्यातून दोन दिवस आमच्यासारख्यांचा एक वर्ग असायचा. तिथे आम्ही चेंडू झेलायचो, जुनी गाणी गायचो, मलय, चिनी, तमिळ. मला एकाचाही अर्थ कळत नसे, पण शेजारचा एक चिनी म्हातारा माझ्या मांडीवर ताल धरायचा आणि मीही त्याच्या मांडीवर. वर्गाला जायचं नाही म्हणून पहिल्या दिवशी मी सुनंदाशी कडाकडा भांडलो होतो. दुसऱ्या आठवड्यापासून मीच आधी बूट घालून बसायला लागलो.

भीती वाटायची का? वाटायची. सकाळी जाग आली की मी डोळे मिटूनच स्वतःची उलटतपासणी घ्यायचो. नाव, गाव, बायकोचं नाव, मुलीचं, जावयाचं, वार. सगळं आलं की मगच डोळे उघडायचे. फेब्रुवारीत एका सकाळी जावयाचं नाव आलं नाही. मी पडून राहिलो. सुनंदा चहा घेऊन आली, माझं तोंड बघूनच तिला कळलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "फेब्रुवारीत चालतंय. मार्चमध्ये नको." आणि मग माझ्याशेजारी बसून, माझा हात धरून, हळू आवाजात म्हणाली, "त्याचं नाव समीर. आणि नाही आठवलं तरी तो काही रागावणारा नाही." मला त्या दिवशी रडू आलं. माणसाने रडावं, त्याने काही बिघडत नाही, हे मला साठीनंतर कळलं.

बायकोला विचारा

मार्च उजाडला. कायदा लागू झाला, फॉर्म आला, मुग्धाने तो सुबक भरला. आता राहिली डॉक्टरची परीक्षा. ही डॉक्टर वेगळी, या कामासाठी नेमलेली. क्वीन्सटाउनमध्ये जुन्या बिल्डिंगखाली तिचं छोटं क्लिनिक. माझ्याच वयाची चिनी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मऊ, नजर मात्र इन्स्पेक्शनला येणाऱ्या सर्व्हेयरची. नियम असा की घरच्यांनी बाहेर बसायचं. ती मला एकट्याला विचारणार. हा माणूस काय करतोय ते त्याला समजतंय ना, आणि मागून कोणी ढकलत नाही ना, याची खात्री झाली तरच ती सही करणार.

मी पाठ करून गेलो होतो. कागद कशाचा, कधी वापरता येतो, रद्द करता येतो का, धडाधड सांगितलं. ती मान डोलावत होती. मग म्हणाली, "छान. आता मला सांगा, तुमच्या मालकीचं काय काय आहे?"

"फ्लॅट."

"आणखी?"

"बँकेत आहेत पैसे."

"किती बँकांत?"

"एक. दोन असतील. बायकोला विचारा."

"विमा?"

"असणारच. बायकोला विचारा."

"भारतात काही आहे?"

"ठाण्याला एक जागा होती. विकली का ते... बायकोला विचारा."

"महिन्याचा घरखर्च साधारण किती?"

मला हसूच आलं. "डॉक्टर, हे मला कसं माहीत असेल?"

तिने पेन खाली ठेवलं. "मिस्टर केळकर, हे तुम्ही विसरलात की तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"कधीच माहीत नव्हतं!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"ते मला कसं कळणार?"

"बायकोला विचारा!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बोटीवरच्या कोणालाही आणून बसवा, तो हीच उत्तरं देईल. आम्ही सह्या करून निघून जाणारे लोक. पण त्या बाईच्या कागदावर मी स्वतःच्या मिळकतीचा पत्ता नसलेला एक रुग्ण होतो. ती म्हणाली, "आज मी सही करू शकत नाही. आणि एक सांगू? अधिकार तुम्ही मुलीला देताय. पण अर्धा तास झाला, मुलीचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. 'बायकोला विचारा' मात्र चार वेळा म्हणालात. मी मोजलं."

मी बाहेर आलो तो तोंडात मारल्यासारखा. मुग्धा उठून उभी राहिली. "बाबा, पास?"

"नापास."

"व्हॉट हॅपन्ड?"

मी सगळं सांगितलं, ते चार वेळाचंसुद्धा. मुग्धा आईकडे बघत राहिली. तेवढ्यात सुनंदाच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. पदराने डोळे पुसून म्हणाली, "तीस वर्षांनी कोणीतरी विचारलं हो!"

शिकवणी

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नाश्ता झाला की शिकवणी. टेबलावर तीन निळ्या फाइली, एका बाजूला मी, समोर सुनंदा. मास्तरीण कडक. मी शनिवारी शिकायचो, सोमवारपर्यंत निम्मं उडून जायचं, ती पुन्हा पहिल्यापासून. एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हणाली नाही. एरवी दिवसातून दहा वेळा म्हणते.

आणि काय सांगू, त्या फाइलींत माझंच आयुष्य होतं आणि मी ते पहिल्यांदा वाचत होतो. ठाण्याची जागा विकून माझ्या बहिणीच्या ऑपरेशनला पैसे गेले होते. मला वाटायचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकटात झालं. एका वर्षी पाच महिन्यांच्या जागी काहीच नोंद नव्हती. मी विचारलं, हे काय?

"तेव्हा तुमची कंपनी बुडाली होती. पगार आला नाही."

"मग घर कसं चाललं?"

"डबे केले. इथे एकटी राहणारी बँकेतली मुलं होती ना, मराठी. अकरा डबे."

मी तेव्हा आफ्रिकेच्या एका बंदरात अडकून पडलो होतो आणि घरी सगळं आलबेल आहे अशी पत्रं वाचत होतो. "मला का नाही कळवलंस?"

"कळवून काय केलं असतंत? बोट वळवून आणली असतीत?"

मी उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने परत येऊन बसलो. म्हटलं, चल पुढे.

मुग्धा रविवारी येऊन ऐकत बसायची. सुरुवातीला आईच्या चुका काढायला पेन्सिल घेऊन बसली होती. तिसऱ्या रविवारी पेन्सिल ठेवून दिली. "आई, तुला हे सगळं कोणी शिकवलं?"

"तुझे बाबा घरी नव्हते ना, त्याने शिकवलं."

मुग्धाने उठून मागून आईच्या गळ्यात हात टाकले. "सॉरी आई. मी बॅकअप, तू मेन. ओके?" आणि माझ्याकडे वळून, "बाबा, फॉर्म चेंज करू या. धिस वन राँग लाह."

"मी आधीच सांगणार होतो," मी म्हणालो.

"काही सांगणार नव्हतात," दोघी एकदम म्हणाल्या. त्या रात्रीच्या वरणाला लसणाची फोडणी होती.

फेरपरीक्षा

नव्या फॉर्मवर सुनंदाचं नाव, आणि तिला जमेनासं झालं तर मुग्धाचं. एप्रिलमध्ये पुन्हा क्वीन्सटाउन. मी घाबरलो होतो. हे दुसऱ्यांदा हुकलं तर तिसरी संधी माझ्या डोक्याच्या मर्जीवर होती, आणि डोकं आता मला विचारून काही करत नव्हतं. टॅक्सीत सुनंदाने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मी ते उघडलं, तिने पुन्हा लावलं.

डॉक्टरने तेच प्रश्न विचारले. मी सांगत गेलो. बँका, विमा, भारतातलं काय राहिलं आणि काय नाही. एका ठिकाणी अडकलो. फ्लॅटचं कर्ज कोणत्या साली फिटलं ते येईना. मग म्हटलं, "साल विसरलो. पण ज्या दिवशी फिटलं त्या दिवशी तिने शिरा केला होता, आणि मी चटगाँवला होतो, आणि तिने पत्रात फक्त शिऱ्याचं लिहिलं होतं." डॉक्टर हसली. म्हणाली, साल नको, हे चालेल.

मग तिने चष्मा काढला. "मिस्टर केळकर, एक शेवटचं. मी अशी बरीच घरं पाहिलीत. हा आजार पुढे गेला की कधी कधी माणूस जवळच्याच माणसावर संशय घेतो. एक दिवस तुम्ही कदाचित माझ्यासमोर बसून सांगाल, ही बाई कोण आहे मला माहीत नाही, ही माझे पैसे चोरतेय, हिचा अधिकार काढून घ्या. तेव्हा आम्ही काय करायचं?"

याची तयारी नव्हती. हे कुठल्याच फाइलीत नव्हतं. दाराच्या काचेतून बाहेर सुनंदाची पर्स आणि गुडघे तेवढे दिसत होते. सुनंदाला मी चोर म्हणेन? मी? पण मला ठाऊक होतं की म्हणू शकतो. जावयाचं नाव जातं तर काहीही जाऊ शकतं.

मी म्हणालो, "डॉक्टर, तेव्हा माझं ऐकू नका. आजचं माझं ऐका. आज मला सगळं कळतंय, आणि आज मी सांगतो, माझं जे काही आहे ते तिने राखलंय. त्या दिवशी मी काहीही बोललो तरी तो बोलणारा माणूस तिला ओळखत नाही. मी ओळखतो."

डॉक्टरने पेन उचललं आणि सही केली.

बाहेर येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. लपवून ठेवावं असं क्षणभर वाटलं होतं, पण आमच्या घरात पत्रांतून पुष्कळ लपवून झालंय. ती ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. मग पर्सची चेन लावत म्हणाली, "म्हणा की चोर. इतकी वर्षं तुमच्या सह्या वापरल्या, तेव्हा म्हणाला नाहीत. एखाद्या दिवशी म्हणालात तर कुठे बिघडलं?"

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल. तेवढ्यापुरतं."

तो कागद आता नोंद होऊन कपाटात आहे. अजून वापरायची वेळ आलेली नाही. डॉक्टरसमोर बोललो ते हवेत गेलं, म्हणून इथे लिहून ठेवतोय, माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत. सुनंदा, तो दिवस आलाच, आणि मी तुला काही भलतंसलतं बोललो, तर हे पान मला वाचून दाखव. मी ऐकणार नाही. हे मी लिहिलंच नाही म्हणून हुज्जत घालेन, आवाज चढवेन. तरी वाच, शेवटपर्यंत वाच. आणि वाचून झालं की पर्स उचल आणि बँकेत जा.